दुसरीच्या नावाचा रिपोर्ट

दहावीचा निकाल लागला आणि गावच्या चौकात माझा फ्लेक्स लागला. शाळेतून पहिली आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, आणि खाली लाल अक्षरांत ‘भावी डॉक्टर’. फोटो तिरोड्याच्या स्टुडिओत काढलेला. स्टुडिओवाल्याने मला इतकी गोरी करून ठेवली होती की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीच मला ओळखलं नाही. शुभेच्छुकांचे फोटो माझ्यापेक्षा मोठे होते, पण ते चालायचंच. मला डॉक्टर व्हायचंय का, हे कुणी विचारलं नव्हतं. मलाही तेव्हा तो प्रश्न पडला नव्हता. हुशार पोरगी म्हणजे डॉक्टर, एवढं सरळ गणित होतं.

आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं. आमच्या जातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आले, आणि बाबांना त्याचा भारी अभिमान. “आपल्या आज्या-पंज्यानं तलाव बांदले, तू दवाखाना बांदशीन,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणायचे. फ्लेक्सखालून जाताना मी मान खाली घालायची. लोकांना वाटे, लाजते. लाजत होतेच, पण थोडी मिरवतही होते. खोटं कशाला बोलू?

अकरावीला माझं नाव घातलं तिरोड्याच्या एका कॉलेजात आणि मी बसू लागले गोंदियाच्या एका क्लासमध्ये. अशी सोय आमच्याकडे सर्रास होते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. राहायला मावशीकडे, मुर्रीला, म्हणजे गोंदियाला अगदी खेटून. मावशी शिलाईचं काम करायची, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलून तिचं मराठीही अर्धं हिंदी झालं होतं. क्लासमध्ये सर हिंदीत शिकवायचे, पुस्तकं इंग्रजी, आणि मी तोंड उघडलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. ‘मी जाऊन राहिली’ असं म्हणणारी मी ‘मैं जा रही हूँ’ म्हणायला शिकले. मग पुढे पुढे बोलणंच कमी केलं. गावात मी एकटी हुशार होते. इथे प्रत्येक बाकावर कुठल्या ना कुठल्या गावचा फ्लेक्स येऊन बसला होता.

ते नेमकं कधी सुरू झालं, हे मला सांगता येत नाही. एवढं आठवतं की एके दिवशी केसांना तेल लावायचा कंटाळा आला, आणि तो कंटाळा नंतर कधी गेलाच नाही. केसांचा गुंता झाला. अंघोळीची बादली भरून ठेवायची आणि तिच्याकडे पाहत बसायची. मावशी माझ्या आवडीची सुक्या झिंग्यांची चटणी करायची, मी भातात कालवायची आणि ताट तसंच सरकवायची. क्लासमधून आले की झोप, झोपून उठले की पुन्हा झोप. अंगात कुणी ओली माती भरून ठेवल्यासारखं वाटायचं. लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे रडणं. मला रडू येत नव्हतं. मला राग यायचा, आणि तोही धड यायचा नाही.

मला मरायचं होतं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मला उठायचं नव्हतं. पण या दोन्हींतलं अंतर रोज थोडं थोडं कमी होत होतं, आणि ते मला कळत होतं. त्याची मला भीती वाटायची. ही भीती सांगायची कुणाला आणि कोणत्या शब्दांत, हे मात्र कळत नव्हतं. ‘मले बरं नाई’ असं म्हटलं की लोक कपाळाला हात लावून पाहतात, आणि कपाळ तर थंडगार.

आमच्या भागात पोर सारखं थकू लागलं की पहिला संशय सिकलसेलचा येतो. हा रक्तातला आजार, आईबापाकडून येणारा. सांधे दुखतात, अंगात जीव राहत नाही. शाळेत असताना आमच्या वर्गातल्या एका मुलाला होता. तो वर्षातला बराच काळ घरी असायचा आणि मास्तर त्याला कधी ओरडायचे नाहीत. आजाराइतकीच त्याची चर्चा लग्नाच्या बैठकीत होते. मुलीला सिकल आहे असं कळलं की स्थळं गावाच्या वेशीवरूनच मागे फिरतात. मावशीने मला काही दिवस पाहिलं आणि आईला फोन लावला. “बाई, पोरगी नुसती झोपून राहते. सिकल त नाई ना? एकदा चेक कर लेते.”

आई दुसऱ्या दिवशी एसटीने आली. आई म्हणजे तोंडाने फटकळ, कुणाला न भिणारी बाई. तलावाच्या पाण्याच्या पाळीवरून ती भल्या भल्या पुरुषांशी भांडलेली. पण त्या दिवशी ती कुजबुजत बोलत होती. गावच्या आरोग्य केंद्रात टेस्ट फुकट झाली असती, पण तिथली आशा सेविका आमच्याच आळीतली. “तिच्या तोंडात तीळ भिजत नाई,” आई म्हणाली. “सिकल निंगाला आन गावात पसरला, त हिच्या लग्नाचा का करावा?” मी सोळा वर्षांची होते आणि माझ्या अंगात पेन उचलायची ताकद नव्हती. आईला माझ्या लग्नाची काळजी पडली होती. मला याचा संताप यायला हवा होता. आला नाही.

मग आम्ही तिघी बाजारातल्या एका खासगी लॅबमध्ये गेलो. आईने ओढणीने तोंड बांधलेलं, जसं उन्हात गाडीवर बसताना बांधतात. काउंटरवरच्या माणसाने नाव विचारलं. आईने एक क्षण मावशीकडे पाहिलं आणि मावशीचं आडनाव सांगितलं. पहिलं नाव तिच्या तोंडाला जे आलं ते. वय माझं, रक्त माझं, नाव मात्र कुणाचंच नाही. सुई टोचली, कापूस दाबला आणि आम्ही रिक्षाने परत आलो.

रिपोर्ट येईपर्यंतचा तो काळ मला फार स्पष्ट आठवतो, कारण कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मी कशाची तरी वाट पाहत होते. मला रिपोर्ट वाईट यायला हवा होता. मावशीच्या मोबाइलवर मी सिकलसेलबद्दल जे मिळेल ते वाचलं. गुडघे दुखतात म्हणे, तर माझे गुडघे दुखू लागले. मनात सगळं ठरवून टाकलं: क्लास बंद होईल, बाबा स्वतः येऊन मला घरी नेतील, लोक सफरचंदं घेऊन भेटायला येतील आणि चौकातला फ्लेक्स कुणीतरी गुपचूप उतरवेल. स्थळं मागे फिरली तर फिरू देत, तेवढीच पीडा टळली. मी आळशी नाही, नालायक नाही, मी आजारी आहे, असं छापील कागदावर लिहून मिळेल. हुशार मुलगी होणं मला जमेना, तर निदान आजारी मुलगी होता यावं, एवढीच माझी इच्छा होती.

रिपोर्ट नॉर्मल आला.

मावशीने तो मोठ्याने वाचून दाखवला. आईने कागद देवासमोर ठेवला, हात जोडले आणि पेढे आणले. मी रडू लागले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा रडले, आणि आईने मला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला. “खुशीचं रडू येऊन राहिलं पोरीले,” ती मावशीला म्हणाली. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी विचार करत होते की आता माझ्याजवळ काही म्हणजे काही कारण उरलेलं नाही.

त्यानंतर दिवस फार वाईट गेले. आधी निदान लोक विचारायचे, काय झालं म्हणून. आता विचारायचेही थांबले. क्लासवाले प्रत्येक टेस्टचे मार्क बाबांच्या मोबाइलवर पाठवत. बाबांचा फोन यायचा. “तब्येत त चांगली हाये, मंग मार्क काऊन कमी होऊन राहिले?” मी म्हणायची, करून राहिली अभ्यास. ते म्हणायचे, कर. एवढंच बोलणं. मार्क घसरत गेले, आणि मला ते दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे वाटायचे.

दिवाळीला घरी गेले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, आज या गावची तर उद्या त्या गावची. चौकात दुकानं लागतात, रात्री नाटक असतं आणि ज्या गावची मंडई त्या गावात घरोघरी पाहुणे. आमच्या गावच्या मंडईला आमचं घर माणसांनी भरून गेलं. चौकात माझा फ्लेक्स अजून होता. उन्हापावसाने माझ्या चेहऱ्याचा रंग उडून गेला होता, ‘भावी डॉक्टर’ तेवढं ठळक राहिलं होतं, आणि त्याच्याच खाली एक माणूस शेव-जिलबीचं दुकान मांडून बसला होता. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, “डाक्टरीन कुठं हाये?” डॉक्टरीण आतल्या खोलीत पांघरूण डोक्यावर ओढून पडली होती.

आई दोनदा बोलावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने माझं पांघरूणच ओढलं.

“उठ. पाहुने बसून हायेत. काऊन वो, दिवसभर झोपून राहिली?”

“मले नाई उठवत.”

“नाई उठवत म्हंजे? रिपोट नॉर्मल आला ना? मंग कायचा रोग हाये तुले?”

कुठून कोण जाणे, मला तो राग आला जो इतके दिवस येत नव्हता. मी उठून बसले. “थो रिपोट माहा नोहे,” मी म्हटलं. “ज्या पोरीचं नाव त्याच्यावर हाये, थे चांगली असन. मी चांगली नाई. मले रोज वाटते का सकाळ होऊच नये.”

आई तशीच उभी राहिली. बाहेर कुणीतरी चहा मागत होतं. तिने माझ्या अंगावर पांघरूण परत घातलं, जरा जास्तच नीट, आणि खोलीचं दार ओढून घेतलं. पाहुण्यांना तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्या दिवशी मला भेटायला आत कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे असतानाच तिने मला तयार व्हायला सांगितलं. बाबा म्हणाले, कायले, कुठं? ती म्हणाली, दवाखान्यात. एसटीत तिने आपला तर्क मला सांगितला. “मी खोटं नाव देल्लं, मनून खोटा रिपोट आला. आता खरं नाव देऊन पायतो.” माझ्या बोलण्यातलं तिला एवढंच कळलं होतं, किंवा एवढंच धरून चालता येईल असं तिला वाटलं असेल. रक्ताला नाव कळत नाही, हे मी जीवशास्त्रात शिकत होते. पण मी वाद घातला नाही. ती मला घेऊन कुठेतरी निघाली होती, आणि मला तेवढं पुरे होतं.

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात या खेपेला माझं खरं नाव लागलं. तोंडाची ओढणी मात्र तशीच होती, आणि गाव सांगताना आईचा आवाज इतका बारीक झाला की लिहिणाऱ्याने ती जागा कोरीच सोडली. रक्त तपासलं. सिकल नव्हताच. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आईला बाहेर बसायला सांगितलं.

“सुबह उठल्यावर पहिलं काय मनात येतं?” त्यांनी विचारलं.

“परत झोप लागावी, असं.”

“आणि असं वाटतं का की उठूच नये? कधीच?”

मी हो म्हटलं. तो ‘हो’ म्हणायला मला फार वेळ लागला, आणि त्यांनी तो लागू दिला. मग त्यांनी आईला आत बोलावून सरळ सांगितलं की मुलगी नाटक करत नाही. हा आजार आहे, तो रक्तात दिसत नाही आणि औषधाने, बोलण्याने बरा होतो. वरच्या मजल्यावर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, त्यासाठी खालून नवा केस पेपर काढा. “आजच दाखवा,” त्या म्हणाल्या. “घरी जाऊन मग येतो, असं करू नका.”

आधी जागा पाहून घ्यावी म्हणून आम्ही वर गेलो. दारावर पाटी होती, मानसोपचार विभाग. आईने ती अक्षर अक्षर लावत वाचली आणि समोरच्या बाकावर बसली. सिकलसाठी जिने नाव बदललं, तिच्यासमोर आता ही पाटी होती. सिकलवाल्या पोरीला निदान कुणी हसत नाही.

“हे त पागलाईचं हाये,” ती अगदी हळू म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “तुह्या बाबाले इचारून येऊ. पुढच्या हप्त्यात येऊ.”

पुढचा हप्ता येणार नाही, हे मला माहीत होतं. आम्ही एसटीत बसू, घरी पोचू, धानाचं काम निघेल, आणि आई एक दिवस म्हणेल की आता तर बरी दिसतेस. तिच्या पाया पडावं, ओरडावं, तिथेच फरशीवर लोळण घ्यावी असं वाटत होतं. पण अंगात त्राण नव्हतं. मी फक्त म्हटलं, “आई, मले घरी नोको नेऊ.”

पुढचं इथेच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. औषधं पुष्कळ दिवस चालली. आधी तोंड कोरडं पडायचं आणि झोप आणखी वाढली, मला वाटलं फसवलं सगळ्यांनी. मग एके दिवशी मला भूक लागली. साधी भूक. मी मावशीकडे झिंग्याची चटणी मागितली आणि ती शिलाई मशीन सोडून धावत उठली. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांशी मी काय बोलायची ते बरंचसं विसरले. आमच्या बोलीत बोलले तरी ते हसत नव्हते, हे लक्षात राहिलं. क्लास सुटला. बाबा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग भारी, म्हणजे उशिरा तयार होणारं, धान कापून झालं तेव्हा त्यांनी चौकातला फ्लेक्स स्वतः उतरवून आणला आणि शेतातल्या पुंजण्यावर, कापून रचलेल्या धानावर, उलटा करून झाकला. दव पडू नये म्हणून. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या फ्लेक्सचा एवढा उपयोग आधी कधी झाला नव्हता.

मी कॉमर्स केलं. आज गोंदियातल्या एका राइस मिलच्या ऑफिसात बसते, कोंडा अंगभर घेऊन घरी येते. तो आजार मधे एकदा परत येऊन गेला. या वेळी मी त्याला ओळखलं आणि आपणहून दवाखान्यात गेले. मी नेमकी कोण, याचं उत्तर मला सोळाव्या वर्षी हवं होतं, तेही फ्लेक्सवर मावेल एवढं. आता कुणी विचारलं तर मी तोडून टाकते, तुम्हाला काय करायचं आहे म्हणून.

पण त्या दिवशी बाकावर बसलेली मी यातलं काही जाणत नव्हते. मला फक्त आईचे पाय दिसत होते. चपलेचं टोक ती फरशीवर घासत होती. मग ती उठली, तिने माझा दंड धरला आणि आम्ही खाली आलो. ती दाराकडे वळते की खिडकीकडे, हे शेवटपर्यंत मला कळलं नाही. ती केस पेपरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

आमचा नंबर येत आला तेवढ्यात मागून आवाज आला, “का वो, इकडं कुठं?” आमच्याच आळीतली आशा सेविका होती, गावच्या एका बाळंतिणीला घेऊन आलेली. ओढणीतूनही तिने आईला ओळखलं होतं. डोळे दाखवायला आलो, दात दाखवायला आलो, आईला काहीही सांगता आलं असतं, आणि मग आम्हाला खरोखरच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन बसावं लागलं असतं.

खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, “नाम बोलो.”

आईने तोंडाची ओढणी सोडली आणि खांद्यावर घेतली. मग तिने माझं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं, आडनाव, गाव, तालुका, सगळं. पाण्याच्या पाळीवरून भांडते त्या आवाजात. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं असेल.

“किसको दिखाना है?”

“मानसोपचार,” आई म्हणाली.

त्याने लिहून घेतलं. आणखी काही विचारलं नव्हतं, तरी आई खिडकीत वाकून त्याला म्हणाली, “माही पोरगी हाये.”